किटली चोरीला गेली तेव्हा

माझी भावजय हिलरी जन्माची भित्री. कालव्यावरचे हंस अंगावर येतात म्हणून बाजाराला जाताना लांबचा रस्ता धरते. बसचा थांबा चुकेल या धास्तीने एक थांबा आधीच उतरते आणि मग आमच्या इंग्लंडातल्या टॉडमॉर्डनच्या पावसात भिजत घरी येते. माझा भाऊ क्लिफर्ड म्हणायचा, हिला स्वतःच्या सावलीचा धक्का लागला तरी ही तिची माफी मागेल.

क्लिफर्ड जाऊन आता बरीच वर्षं झाली. तळघरात बॉयलरशी खटपट करताना छातीत कळ आली आणि तिथेच कोसळला. हिलरी वर स्वयंपाकघरात होती. रेडिओ मोठ्याने चालू होता, तिला काही ऐकू आलं नाही. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा तिने हेच सांगितलं आणि मलाही हेच सांगितलं. त्या रेडिओला मी किती शिव्या मोजल्या असतील, देव जाणे.

ही घरात बसून वाळून जाईल म्हणून मीच तिला चॅपलच्या हॉलमध्ये ढकललं. तिथे दर गुरुवारी दुपारी परदेशातून आलेल्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवतात. जन्मभर शाळेत पोरं शिकवलेली बाई, हात बसलेला होता. चहा-बिस्किटं माझ्याकडे. चहा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला की त्याचं गरम पाणी होतं, हे मी तोंडावर सांगते.

वर्गातला केसेते मला आवडायचा. आफ्रिकेतल्या इरिट्रियाचा, तिशीतला, उंच, हसताना तोंडावर हात धरणारा. वर्ग सुटला की न सांगता स्वयंपाकघरात यायचा आणि मी विसळलेले कप पुसायचा. त्याचा आश्रयाचा अर्ज अडकला होता. मी सांगतेय त्या गुरुवारपासून बाराव्या दिवशी, मंगळवारी, लीड्सला त्याची मुलाखत होती. इथे राहू द्यायचं की परत धाडायचं, ते तिथे ठरणार. दुभाषी मिळणार होता, म्हणजे भाषेची अडचण नव्हती. अडचण अशी, की मागच्या खेपेला अधिकाऱ्यासमोर बसल्यावर त्याची दातखीळ बसली होती. वकीलबाईंनी बजावलं होतं, या खेपेलाही गप्प बसलास तर माझ्या हातात काही उरणार नाही. परत जाणं म्हणजे तुरुंग, आणि तिथून तो जिवंत बाहेर येईल याची खात्री कुणालाच नव्हती.

त्या गुरुवारी हिलरीने चालू भूतकाळ घेतला. फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली, मध्येच एक फुली मारली. रेघ म्हणजे चाललेलं काम, फुली म्हणजे मध्येच टपकलेली गोष्ट. मी भांडी घासत होते, दाराची घंटा वाजली. आम्ही छत्री शोधत होतो, पाऊस थांबला. तिची सगळी उदाहरणं अशीच, कुणाला ओरखडा न उठणारी.

मग खेळ. आमच्याकडे हा धडा आला की हा खेळ आलाच, कुणीही शिकवो. गुन्हा घडलाय असं धरायचं, दोघांना संशयित करायचं. दोघांनी बाहेर जाऊन ठरवायचं, त्या वेळी आपण कुठे होतो, काय करत होतो. मग एकेकाला आत बोलवायचं. काय खात होतात, कोण पुढे चालत होतं, कपडे कुठले होते, असं वर्गाने खोदून खोदून विचारायचं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की सगळ्यांनी ओरडायचं, ‘खोटारडे!’ पोट धरून हसतात लोक.

काल दुपारी चॅपलची किटली चोरीला गेली, असं हिलरीने जाहीर केलं. संशयित केसेते आणि झोर्याना नावाची एक युक्रेनची बाई. आधी झोर्याना आत आली. ती म्हणे, आम्ही स्टेशनजवळ चिप्स खात होतो. वर्गाने तिला भंडावून सोडलं, तीही हसत होती. केसेते बाहेर बोळात, कोट टांगतो तिथे. दार बंद, पण हे हसणं त्याला ऐकू जात असणार.

हिलरीने दार उघडलं आणि तिथेच थिजली. मी मागून ट्रे घेऊन येत होते, मलाही दिसलं. केसेते कोटांकडे तोंड करून भिंतीला नाक लावून उभा होता. दोन्ही हात मानेमागे. पाय फाकलेले. पँट ओली झाली होती. त्याला कुणी तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं.

हिलरी म्हणाली, “सॉरी.” आणखी काय म्हणणार? आपल्या खांद्यावरची शाल तिने त्याच्या कमरेभोवती बांधली, माझ्याकडचा चहा त्याच्या हातात दिला, वर्ग लवकर सोडला. विचारलं काही नाही. आमच्याकडे माणसाच्या मागच्या आयुष्यात डोकावत नाहीत, ते असभ्य समजतात. केसेते दर आठवड्याला आमच्यात येत होता, पण त्याच्यावर काय गुजरलंय हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याला त्या बोळात एकटं उभं केलं असतं का?

त्या दिवसापासून तो बोलेना. पुढच्या गुरुवारी आला, मागच्या बाकावर बसला, तोंडातून ब्र नाही. मुलाखत पाच दिवसांवर. वकीलबाईंचा हिलरीला फोन आला होता, की तो माझ्याशीही बोलत नाही. हिलरीची झोप उडाली होती. “मी त्याला मारलं, नोरीन,” ती मला म्हणत राहिली. मी वैतागून म्हटलं, अगं मग विचार ना त्याला सरळ! ती म्हणाली, विचारायचंच तर नाही. विचारणाऱ्यांनीच त्याची ही गत केलीय, दिसत नाही का तुला?

वर्ग सुटल्यावर तो सवयीने स्वयंपाकघरात आला आणि कप पुसायला लागला. मी सिंकपाशी, पाठमोरी. हिलरी आत आली, स्टूल ओढून बसली. म्हणाली, “केसेते, मागचा खेळ अर्धा राहिला. आज संशयित मी. तू विचार.”

तो कप पुसत राहिला.

“बरं, मीच सांगते. माझा नवरा तळघरात पडला तेव्हा मी बटाटे सोलत होते.”

मला वाटलं, आता रेडिओ येणार.

“आमचं सकाळी भांडण झालं होतं. त्याला बहिणीकडे रविवारी जेवायला जायचं होतं, मला नव्हतं. मी फुगून बसले होते. तो खालून हाक मारत होता. हिलरी, जरा ये गं. रोजच मारायचा, टॉर्च धरायला, पाना द्यायला. मी रेडिओ मोठा केला. त्याने परत हाक मारली. मला ऐकू येत होतं. मी सोलत होते.”

बहीण म्हणजे मी. माझे हात पाण्यात होते ते पाण्यातच राहिले. मी मागे वळले नाही, कारण वळले असते तर तिच्या थोबाडीत मारली असती. खोटं का सांगू?

तिला माहीत होतं मी तिथे आहे, आणि भित्री हिलरी माझ्यासमोर हे बोलत होती.

केसेतेने हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, “ते हाक मारत होते?”

“मारत होता.”

“मुसिएसुद्धा हाक मारत होता.”

मग तो बोलायला लागला. त्याच्या तोडक्या इंग्रजीत, अडखळत, पण थांबला नाही. तो आणि त्याचा मित्र मुसिए सीमा ओलांडताना पकडले गेले. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. एकेकाला विचारायचे, कोण पुढे चालत होतं, काय खात होतात, रस्ता कोण दाखवत होतं. दोघांचं जुळलं नाही की मार. केसेते मार चुकवायला खरं बोलला. मुसिए मित्राला वाचवायला खोटं बोलला होता. मग केसेतेला बोळात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पलीकडच्या खोलीतून मुसिए त्याचं नाव घेत होता, आणि मग घ्यायचा थांबला.

“मी बोललो, म्हणून तो मेला,” केसेते म्हणाला. “पुन्हा कुठल्या साहेबासमोर बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.”

हिलरी म्हणाली, “तू बोललास म्हणून नाही. त्यांनी मारला म्हणून. तू मंगळवारी हे त्याच्यासाठी बोल.”

मंगळवारी गाडी मीच चालवली. दुसरं कोण होतं? हिलरीला लांब गाडी चालवायची भीती वाटते, आणि माळावर धुकं मी म्हणत होतं. गुरुवारपासून आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरत्या दोन शब्दांपलीकडे बोललो नव्हतो. केसेते मागे बसून गुडघे चोळत होता. लीड्सला त्याला आत नेलं आणि दार लावलं. आम्हाला बाहेरच्या खुर्च्या. ही विणकामाचे टाके सोडून परत घालत होती, माझा जीव टांगणीला लागलेला. आतून काही म्हणजे काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने वकीलबाई पाणी न्यायला बाहेर आल्या. हिलरीला उठवेना, मीच विचारलं. त्या म्हणाल्या, “बोलतोय. थांबतच नाहीये.” आणि पाण्याचा जग घेऊन परत आत गेल्या.

निकाल यायला उन्हाळा उजाडला. त्याला राहू दिलं. पण मला सांगायचंय ते त्याच आठवड्यातल्या रविवारचं.

परतताना गाडीत केसेते झोपला होता. मी हिलरीला म्हटलं, रविवारी जेवायला ये. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला न्यायालयात बोलावतेय. तरी आली, वेळेआधीच आली, आणि माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली. मी तिला माफ केलं होतं असं समजू नका. तिचे ते खाली गेलेले खांदे पाहून माझं डोकं तापत होतं. मी मागच्या शेडमध्ये कोळसा आणायला गेले. बल्ब गेला होता, काही दिसेना. मी सहज हाक मारली, “हिलरी, जरा ये गं.”

घरात खुर्ची पडल्याचा आवाज झाला. ती अंगण ओलांडून धावत आली, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धवट सोललेला बटाटा, पायात एकच चप्पल, चेहरा पांढराफटक. शेडच्या दारात धापा टाकत उभी राहिली.

“आले, आले, काय झालं? नोरीन, काय झालं?”

मी खुंटीवरचा टॉर्च चाचपून काढला आणि तिच्यापुढे केला.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “टॉर्च धर.”