सुरकुतलेले मणी

आमच्या गल्लीतले कौतिकआबा पिस्तुलाच्या गोळ्या ओततात, ही बातमी मला पानटपरीवाल्या गिरधरभाऊंनी दिली. देताना आवाज इतका खाली नेला, की चुना मागताहेत की खून कबूल करताहेत तेच कळेना. "लोखंडना साचा शे. सहा एकसाथ निंघतस. आते समजी ले." समोरच्या बेबाबाई त्यावर एक मजला चढवतात. नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्याला पदर सारखा करतात. "अंधारात गाडी येते म्हणे! बिननंबरची!"

गाडी एकच यायची. भडगावच्या स्टँडवर थांबणारी एसटी. तिच्यातून झुलालनाना उतरायचे, पिशवी काखेत मारून.

आबा ओततात ते मणी. मासे धरायच्या फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे दोनशे-अडीचशे मणी लागतात. सगळे सारख्या वजनाचे हवेत. तरच जाळं हवेत गोल उघडतं आणि पाण्यात एकदम बसतं. एकदा हवालदार चौकशीला आला. मणी तळहातावर घोळवून पाहिले, चहा प्याला आणि जाताना वडिलांच्या जाळ्यासाठी डझनभर मागून घेऊन गेला. ही बातमी मात्र गिरधरभाऊ कोणाला सांगत नाहीत.

जाळी विणणारे बरेच होते, ते एकेक करून कमी झाले. आता झुलालनाना तेवढे राहिले. धुळ्याकडून महिन्यातून एकदा येत, मणी घेत आणि आबांच्या ओट्यावर दोन-तीन तास भांडत बसत. आबांकडे येणारं दुसरं कोणी नाही. शेत पुतण्या पाहतो. मुलगी सारिकाताई धुळ्याला असते, तिचा रविवारी फोन येतो. "जेवलात का? गोळी घेतली का? बरं, ठेवते." त्यांची बायको, वच्छलाअक्का, जाऊन दीड वर्ष झालं. त्यानंतर आबांची चूल दोनच कामांना पेटते, चहाला आणि शिशाला.

आणि अक्का गेल्यापासूनच मणी बिघडायला लागले होते. उन्हाळ्यात झुलालनानांनी ते मूठभर उचलून पाहिले आणि जिना चढून दमल्यासारख्या त्यांच्या आवाजात म्हणाले, "कौतिकभाऊ, या मनी शेतस का चावेल बोरं?"

खरंच तसे होते. सुरकुतलेले, कडा अर्धवट भरलेल्या, काही आतून पोकळ.

"साचा थंडा ऱ्हायना व्हई," आबा म्हणाले.

"तुना साचा थंडा, मनं जाळं वाकडं. एक अंगे झुकस ना भो! पुढला बजारले येसू. नीट व्हयनात तं लेसू. नही तं सुरतनं तयार जाळं."

त्यानंतर आबांनी काय नाही केलं! साचा चुलीवर तापवला. मणी सुरकुतलेलेच. सोडा लावून घासला, तेलाचा अंश राहिला असेल म्हणून. दिव्यावर धरून आतून काजळी चढवली, म्हणजे शिसं चिकटत नाही. वितळलेल्या शिशात मेणबत्तीचा तुकडा टाकून वरचा मळ पळीनं काढला. शेवटी आच वाढवली. तर शिसं पातळ व्हायच्या ऐवजी पिठल्यासारखं गुठळ्या धरायला लागलं. बिघडलेले मणी ते परत कढईत टाकत होते आणि पुन्हा ओतत होते. मी पलीकडच्या गच्चीवरून बघत होते. आबा वारा कुठून आहे ते बघून बसायचे आणि साच्याशी बोलायचे, "आते काय व्हयनं तुले?"

मला त्यात एक आवाज कमी वाटत होता. मी खाली गेले आणि विचारलं, "आबा, अक्का पायरीवर आपटायच्या ते आता कोण आपटतं?"

आबांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ते गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं आणतात, तेच त्यांचं शिसं. अक्का ओतायच्या आधी त्यातला एकेक तुकडा दगडी पायरीवर आपटायच्या.

"ती चिडे मनावर," आबा म्हणाले. "घरमा काया कचरा लयस म्हनीसन. म्हनीसन आपटे."

मी त्यांना आवाज काढून दाखवला. ठप्प. ठप्प. ठप्प. टिंग. आणि टिंग झालं की अक्का तो तुकडा दुसऱ्या डब्यात टाकायच्या, हेही हातानं करून दाखवलं.

जिन्याखाली गोडतेलाचा डबा सापडला. वजनांनी भरलेला. आबांनी एक तुकडा घेऊन नख मारलं, उमटेना. "जस्त शे हाई," ते म्हणाले आणि खाली बसले. हल्ली काही वजनं शिशाऐवजी जस्ताची असतात; शिसं ठप्प वाजतं, जस्त टिंग. जस्त थोडं जरी कढईत गेलं तरी अख्खं शिसं नासतं. आच वाढवली तसं ते आणखी विरघळत गेलं होतं.

"चिडे नही ती," आबा तुकडा परत डब्यात टाकत म्हणाले. "निवडे. एक सबद नही बोलनी कधी."

नासलेलं सगळं बाजूला काढलं. नवी वजनं मी पायरीवर आपटून निवडली, आबांनी नख मारून तपासली. दुसऱ्या दिवशी मणी उतरले ते गुळगुळीत, चकचकीत, एकेक कडा भरलेली. तराजूत कुठलेही दहा घ्या, काटा हलत नव्हता.

"आता झुलालनाना बघतच राहतील," मी म्हटलं.

"तो येवाव नही."

"येणार! पैज!"

"तू हारनी तं मी जेनं नाव लेसू तेनी नक्कल करानी." गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला मी करते, हे आबांना ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी आबांनी दाढी केली. मण्यांची पिशवी खाटेवर ठेवली, दोन कप धुवून ठेवले. अकराची एसटी गेली. दोनची गेली. पाचला मीच स्टँडवर जाऊन आले. वाटेत गिरधरभाऊंनी हाक मारली, या वेळी नेहमीच्या आवाजात. "झुलाल? तो कवयच गया. बजारमा तयार जाळं लिधं नि दुपारनी गाडीमा बसना."

मी येऊन तसंच सांगितलं. आबांनी मण्यांची पिशवी मांडीवर ओढली.

"तुम्हाला कसं माहीत होतं?"

"मागली खेपले तो उभ्याउभ्या चहा पिना." मग पिशवीची गाठ सोडत म्हणाले, "चाल, पैज हारनी तू. झुलालनी कर."

मी दारात गेले, काखेत उशी मारली, दम लागल्यासारखा श्वास घेतला. "काय कौतिकभाऊ! दखाडा आते, मनी शेतस का बोरं?"

आबा खाटेवर एका अंगाला सरकले. "बस ना झुलाल," ते म्हणाले. "उभा काबर?"