काट्याचा पाना आणि तुटणारे बोल्ट

दुसरं महायुद्ध संपलं आणि माझे यजमान लष्कराच्या वर्कशॉपमधून सुटून भाईंदरजवळ मुर्ध्याला, माझ्या माहेरी आले. नोकरी नव्हती, पण इंजिनाचं काम हातात होतं. माझ्या थोरल्या भावाची रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती आणि मिठागरांच्या लॉऱ्या तिथे दुरुस्तीला यायच्या. दादा त्यांना म्हणाला, "दाजी, दुसरीकडं कशाला जाता? हितं जागा हाय." आम्ही शेडमागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. दादाचं घर गावात आत होतं, पण दुपारी तो आमच्याकडेच जेवायचा.

वर्षभर बरं चाललं. मग यजमानांनी मुंबईहून, लष्करी सामानाच्या विक्रीतून, एक लांब दांड्याचा पाना आणला. दांड्यावर आकड्यांची पट्टी होती आणि तिच्यावर एक काटा. बोल्ट आवळताना दांडा वाकला की काटा आकड्यांवरून सरकायचा. इंजिनाच्या हेडचे सगळे बोल्ट सारख्या जोराने आवळले गेले पाहिजेत, एक ढिला आणि एक घट्ट राहिला तर खालचं गॅस्केट, म्हणजे मधला पातळ थर, जळतं, असं त्यांनी मला समजावलं. दादाने तो पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"लष्करानं इकला म्हंजे यात काय तरी खोट असंल," तो म्हणाला. "बरा असता तर इकला असता का?"

यजमान हसले, पण ते हसणं मला नीट वाटलं नाही.

थोड्याच दिवसांनी एका मिठागरवाल्या शेठची लॉरी आली. तिचं गॅस्केट गेलं होतं. कंपनीचा माल तेव्हा मिळत नव्हता. मुंबईत लहान कारखान्यांतून बनलेले पार्ट मिळायचे, तेच सगळे वापरायचे. यजमानांनी गॅस्केट आणि हेडच्या बोल्टांचा संच तिथून आणला. दादाने सगळं धुऊन, पुसून तयार केलं, बोल्ट हाताने बसवले आणि यजमानांनी काट्याकडे बघत मधून कडेकडे एकेक आवळत नेला. लॉरी गेली.

आठवड्याभरात ती परत आली. हेडखालून पाणी झिरपत होतं. उघडलं तर दोन बोल्ट लांबलेले, मानेशी बारीक झालेले. नवा संच आणला, पुन्हा बसवला, तर या वेळी आवळतानाच एक बोल्ट तुटला आणि तुकडा आत राहिला. तो काढता काढता दोघांचा दिवस गेला. शेठचा ड्रायव्हर बाकावर बसून बघत होता. जाताना म्हणाला, "सेठ पूछेंगे तो मैं क्या बोलूँ?" 

त्या संध्याकाळी यजमान चुलीपाशी येऊन बसले.

"एक विचारू? राग मानू नकोस," ते म्हणाले. "मी आणलेले बोल्ट दादा बदलत तर नसतील?"

"कशाला बदलतील?"

"हा पाना आल्यापासून गिऱ्हाईक माझं नाव घेतं. त्यांना ते आवडत नाही. पाना खोटा ठरला की झालं."

मी चुलीत लाकूड सारलं. माझा भाऊ होता तो. पण मनात आलं की दादाचं तोंड हल्ली उतरलेलं असतं खरं.

दुसऱ्या दिवशी यजमान बाहेर गेलेले असताना दादा पाणी प्यायला आत आला. तांब्या हातात तसाच धरून म्हणाला, "बाय, तुज्या मालकाला सांग, हलका माल आनू नको. मेणावानी बोल्ट हायत. का तो पानाच वाकडा हाय, द्येव जाणे. नाव माजं बुडतंय, शेड माजी हाय."

हेही मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर घरात सगळं बदललं. यजमान काम झालं की पाना आत आणून माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवायला लागले. दादा आपली हत्यारं वेगळ्या खोक्यात ठेवून कुलूप लावायला लागला. दुपारी तो जेवायला येईना. "घरी बोलावलंय," एवढंच म्हणायचा. मी भाकऱ्या मात्र त्याच्या धरूनच थापत होते.

वाईट याचं वाटायचं की मीही दोघांवर नजर ठेवायला लागले होते. यजमान मुंबईहून आले की पिशवीतला माल बघायची. दादा शेडमध्ये एकटा असला की मागच्या दाराशी काहीतरी निवडत बसायची. भावावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून लाज वाटायची, आणि तरी उठवत नव्हतं.

शेठच्या लॉरीसाठी तिसरा संच आला तेव्हा यजमान तो दादाच्या हवाली करून नव्या गॅस्केटसाठी मुंबईची गाडी धरायला भाईंदर स्टेशनकडे गेले. मी दारात सूप घेऊन बसले. दादाने बोल्ट फडक्यावर मांडले. खोक्याचं कुलूप उघडलं. मी सूप खाली ठेवलं. त्याने आतून दुसरे बोल्ट काढले नाहीत, एक डबा काढला. मग एकेक बोल्ट उचलून त्याचे आटे बोटाने ग्रीसमध्ये माखायला लागला.

मी उठून जवळ गेले. "हे कशाला रे दादा?"

त्याने वर पाहिलं. मी का आले ते त्याला कळलं असावं. "खारा वारा हाय बाय. कोरडा बोल्ट घातला का गंजतो. मंग सोडवताना तुटतो. मी पयल्यापासून लावतंय."

संध्याकाळी मी यजमानांना म्हटलं, "दादाने काही बदललेलं नाही. मी समोर बसून पाहिलं. बोल्टांना ग्रीस लावलं, तेवढंच."

ते पायावर पाणी घेत होते. थांबले. "कुठे लावलं? आट्यांना?"

"हो."

ते तसेच ओल्या पायांनी शेडमध्ये गेले. दादा निघायच्या बेतात होता. यजमानांनी मोडीत पडलेला इंजिनाचा एक जुना ब्लॉक ओढला, त्यात एक कोरडा आणि एक ग्रीसचा बोल्ट लावला, दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर खडूने रेघ मारली आणि काटा एकाच आकड्यावर येईपर्यंत दोन्ही आवळले. ग्रीसचा बोल्ट कोरड्यापेक्षा बराच पुढे फिरला होता. दादा वाकून बघत राहिला.

"काटा तोच, पण ग्रीसमुळे आटे सहज सरकले आणि हा जास्त ताणला गेला," यजमान म्हणाले. "लष्करात आम्ही कोरडेच आवळायचो. आकडा तिथला, बोल्टही तिथले. हे बोल्ट नरम, त्यात ग्रीस. मी ताणून ताणून तोडत होतो."

"मंग ग्रीस लावू न्हाय?"

"लावा. इथे लागणारच. आकडा मी कमी धरतो."

दादा खाली बसला. फडक्याने हात पुसत राहिला. मग माझ्याकडे बघत यजमानांना म्हणाला, "दाजी, तुमाला वाटलं मी बोल्ट बदलतंय."

यजमानांनी पाना खाली ठेवला. "वाटलं," ते म्हणाले.

"मला वाटलं तुमी हलका माल आनता."

"तोही हलकाच आहे," यजमान म्हणाले. दादाच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी लॉरीचं हेड बसवताना आकडा कमी धरला. यजमानांनी पाना दादाच्या हातात दिला आणि स्वतः ग्रीस लावत बसले. दादाला पहिल्यांदा जमेना. काट्यावर नजर ठेवायची तर हात थांबायचा. मग जमलं. लॉरी मिठाची पोती घेऊन गेली आणि त्या कामासाठी पुन्हा आली नाही.

दुपारी मी ताटं वाढली, पण दादा घरीच गेला. आठवडाभर तसंच चाललं. मी बोलवायला गेले नाही, कारण दारात बसून मी काय करत होते ते त्यालाही माहीत होतं. रविवारी तो सकाळीच आला, हातात केळीच्या पानात बांधलेली खाडीची मासळी, निवट्या, होती. चुलीजवळ ठेवून म्हणाला, "बाय, कालवण जरा तिखट कर. तुज्या वयनीला जमत न्हाय."