ऑलिव्हच्या बुंध्याशी बर्फ

आपल्या झाडांच्या ई-मेल गटातल्या मंडळींनो,

आज सकाळी घडलेलं लगेच लिहिते आहे, कारण चूक माझी आहे.

आमच्या शेजारच्या सरोजक्का मूळच्या बेळगावच्या. त्यांच्या मुलीने लग्न होऊन इटलीला जाण्याआधी इथे अंगणात ऑलिव्हचं रोप लावलं. सहा वर्षांत त्याला एकही फूल आलेलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून अक्कांनी गेल्या महिन्यात मला विचारलं. "ऑलिव्हला थंडी लागते, बंगळूरला फुलणार नाही," असं मी झाडाकडे न बघताच सांगून टाकलं.

आज पाहते तर अक्का बुंध्याशी फ्रिजमधला बर्फ रचत होत्या.

"हे काय, अक्का?"

"तुम्हीच सांगितलात की मॅडम, थंडी पायजे म्हणून. स्वल्प स्वल्प देतोय."

माझा नकार त्यांनी औषध समजून घेतला होता.

"थंडी मुळांना नाही, फांद्यांना लागते."

"मग फांदीला बांधू काय?"

आम्ही दोघी हसलो. मग फांदीवरची पत्र्याची पट्टी मी प्रथमच वाचली: कोरोनेइकी. ही ग्रीसची जात, हिला बऱ्याच जातींपेक्षा कमी थंडी पुरते. पण आपला डिसेंबर तेवढा तरी गार असतो का, हे मला माहीत नाही. मी अक्कांना तसंच सांगितलं.

"माहीत नाही म्हणजे फूल येऊ पण शकतंय, नव्हे?" म्हणत त्यांनी बर्फ उचलला.

उबदार हिवाळ्याच्या गावी कोरोनेइकी फुललेली तुमच्यापैकी कुणी पाहिली आहे का? नसेल पाहिली, तरी खरं तेच कळवा. मुलीला पत्रात काय लिहायचं, ते अक्का माझ्या उत्तरावर ठरवणार आहेत.