‘खरडा’ नावाचा एक बँड होता

रक्षाविसर्जन उरकून आम्ही पंचगंगेवरून घरी आलो आणि माझ्या पर्समध्ये संदीपचा मोबाइल वाजला. माझा धाकटा भाऊ. एक्केचाळीस वर्षांचा माणूस कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुपारच्या शिफ्टला गेला, मशीनवरच छातीत कळ आली आणि घरी आला तो ॲम्ब्युलन्समधून... निरोप इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशाचा होता. ‘खरडा’ या बँडवरचा लेख चर्चेअंती वगळण्यात आला आहे, उल्लेखनीयता सिद्ध झाली नाही. दारात पाय धुवायला बादली ठेवली होती. मी तिथंच उभी राहून निरोप पुन्हा वाचला, मग पाय धुतले आणि आत गेले.

खरडा हा संदीपचा बँड. तो गायचा आणि गिटार वाजवायचा, बिद्रीकडचा विश्वास ड्रम्सवर, निपाणीकडचा इराण्णा बेस गिटारवर. पंक म्हणतात ते संगीत, म्हणजे दोनतीन सूर, वेग आणि कळायच्या आत संपलेलं गाणं. मला ते कधी आवडलं नाही, आणि तो गेला म्हणून आवडल्याचं सोंगही आणणार नाही. ‘‘जरा सुरात तरी ओरड की रे,’’ म्हटलं की म्हणायचा, ‘‘आक्का, सुरात वाजवाय लग्नाचा बँड हाय की!’’ वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, शिफ्टच्या भोंग्यावर, कधीच न येणाऱ्या एसटीवर त्यांची गाणी होती. रेकॉर्डिंग केलं गगनबावड्यात, मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तेही ऐन जुलैत. शहाणपणा बघा! प्रत्येक गाण्यात ड्रम्सपेक्षा पत्र्यावरचा पाऊसच जास्त ऐकू येतो. त्याच्या सीडी काढून त्यांनी फुकट वाटल्या, तरी उरल्या.

त्यातली एक पुण्याच्या कुणा हौशी माणसाच्या हाती लागली. ना ओळख ना पाळख, पण त्यानं ज्ञानकोशात खरड्यावर चार ओळी लिहिल्या. संदीपला त्या कंपनीच्या कँटीनमध्ये दिसल्या. घरी आला तो नाचतच. आईनं चष्मा लावून मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, ‘‘फोटो न्हाय व्हय रं?’’ इतका हसला तो त्या दिवशी...

पुढं ज्ञानकोशातच कुणीतरी आक्षेप घेतला आणि लेख ठेवायचा की नाही यावर तिथं चर्चा लागली. बँडशी संबंध नसलेल्या कुणी वर्तमानपत्रात, पुस्तकात यांच्याविषयी लिहिलंय का? नसेल तर लेख काढा. मी वाचनालयात नोकरी करते, म्हणून संदीपनं मला जुने अंक धुंडाळायला सांगितलं. धूळ खात मी ते सगळे चाळले. कॉलेजात असताना त्यांनी ज्या गॅदरिंगला वाजवलं, त्याची एक बातमी सापडली. पाहुण्यांची, संचालकांची नावं अगदी पदांसकट होती आणि शेवटी एक ओळ, ‘विद्यार्थ्यांनी पाश्चात्त्य गीतेही सादर केली.’ संदीपनं ती वाचली आणि कागद मला परत दिला. मी चिडून म्हटलं, ‘‘राहिला काय, गेला काय, त्या लेखानं तुझं काय अडलंय?’’ तो म्हणाला, ‘‘कंपनीत कार्ड पंच केलं की मी हाय, न्हायतर न्हाय. आक्का, कुटंतरी न सांगता असावं की माणूस.’’

मग विश्वास मदतीला धावला. साखर कारखान्याच्या निवडणुका बघत वाढलेला गडी. चर्चा म्हटल्यावर त्याला मतदानच दिसलं. ‘‘मतं कमी पडत्यात व्हय? गाड्या भरून आणतो!’’ म्हणाला. चहाच्या टपरीवर बसून त्यानं भावकी, तालमीतली पोरं, शिफ्टमधले सोबती, सगळ्यांची ज्ञानकोशावर खाती उघडून दिली. प्रत्येकानं लिहिलं, ‘राहू द्या.’ एकानं तर ‘प्रचंड बहुमताने राहू द्या’ लिहिलं. तिथं मतं मोजत नाहीत, पुरावे बघतात, हे विश्वासला कोण सांगणार? सकाळी चर्चेच्या पानावर शेरा पडला होता, ही सगळी गायकाचीच माणसं दिसतात. लेखाच्या बाजूनं बोलणारा पुण्याचा तो एकटा माणूसही गप्प झाला. विश्वास घरी येऊन रडला. संदीप त्याला म्हणाला, ‘‘जाऊ दे रं, माणसं तर आली की आपल्यासाठी.’’ पण त्यानंतर त्यानं गिटारला हात लावला नाही.

त्याचं पूर्ण नाव वर्तमानपत्रात आलं ते निधनवार्तेत. ‘खासगी कंपनीतील कर्मचारी.’ मजकूर मामांनी दिला होता, बँडचं त्यात काही नव्हतं. आज मी हे लिहिते आहे. पण मी सख्खी बहीण. हेही धरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आमच्या मागच्या खोलीत त्यांची प्रॅक्टिस चालायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून संदीपनं भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवले होते. उपयोग शून्य. गिटार सुरू झाली की शेजारचे बाबरकाका पलीकडून काठीनं भिंत बडवायचे. ‘‘बंद करा रं त्ये!’’ त्यांनी एक दिवस चुकवला नाही. ना नात्यातले, ना मित्रांतले, त्या बँडचा मनापासून राग करणारे. खरड्याचं प्रत्येक गाणं ऐकलेला, संबंध नसलेला माणूस या जगात तेवढाच.

गेल्या आठवड्यात मी त्या खोलीत गेले. काय मनात आलं कोण जाणे... गिटारची वायर जोडली, आवाज पूर्ण वाढवला आणि जमेल तसा तारांवर हात मारला. घर हादरलं. स्वयंपाकघरातून आई धावत आली आणि मला बघून दारातच बसली. मी थांबले आणि काठी आपटेल म्हणून भिंतीकडे बघत राहिले. पलीकडं काका होते, त्यांचा खोकला ऐकू आला. मी पुन्हा वाजवलं, आणखी जोरात.

मग पलीकडून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. ‘‘वाजव बाई, वाजव. आता मी काय म्हणत न्हाय.’’