झाडांचा टँकर

सोनवणेकाका टँकर घेऊन टेकडीखालच्या वळणावर आले की तीनदा हॉर्न वाजवायचे. ते वळण वरून दिसायचं नाही, पण त्या रस्त्यावर गाड्या नसतात, गुरं नसतात, कुत्रंसुद्धा नसतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, कशाला वाजवता?" तर म्हणाले, "झाडं झोपलेली असत्यात मॅडम. एकदम गार पाणी टाकलं तर दचकतील." मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली. हसले आणि वहीत फेरीची वेळ लिहिली.

हरसूलच्या पुढे एका पाड्यामागे ही उघडी टेकडी आहे. तिथे आमच्या संस्थेने आदल्या पावसाळ्यात रोपं लावली होती आणि उन्हाळाभर ती जगवायचं काम माझ्याकडे होतं. नोकरीचा करार एका वर्षाचा. रोपं जगली तर पुढे चालू, नाहीतर घरी. माझे वडील नाशिकमध्ये सेंट्रिंगच्या कामावर जातात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते, तसं काकांनाही सांगितलं. "मग तर झाडं जगलीच पायजेत," ते म्हणाले. "न जगून सांगत्यात कोणाला!"

काका नांदगावकडचे. साठीला टेकलेले आणि पोट स्टिअरिंगला टेकलेलं. धुळीच्या रस्त्यावर दिवसाला दोन फेऱ्या, तरी शर्ट रोज इस्त्रीचा. "पाण्याचा माणूस मळका दिसला तर लोकं पाण्यावर संशय घेत्यात," हे त्यांचं कारण. संध्याकाळी मला गाडीतून परत नेताना तोंड बंद नाही. नांदगावला लहानपणी टँकर आला की अंघोळ केलेला पोरगा आणि न केलेला पोरगा लांबूनच ओळखू यायचा, असं ते रंगवून सांगत. वर पुन्हा, "मी न केलेल्यांत. अजून सवय हाय, हिवाळ्यात कामाला येती."

एप्रिल संपता संपता वरच्या ओळी वाळायला लागल्या. टँकर धरणावरून भरून निघत होता, टेकडीवर मात्र अर्धाच भरलेला पोचायचा. मला वाटलं, टाकी गळते. म्हणून एक दिवस वर थांबायचं सोडून मी पायी खाली उतरले. हॉर्न वाजला तीनदा, आणि पाड्यातून बायका हंडे घेऊन धावत आल्या. टँकर वळणावर उभा, मागचा कॉक उघडा, आणि इस्त्रीच्या शर्टातले काका रांग लावतायत. "हंडा एक, कळशी एक. ए ताई, ढकलायचं नाय. ढकललं की शेवटी."

मी अशी भडकले की विचारू नका. बायका गेल्यावर मी म्हणाले, "काका, हे पाणी झाडांचं आहे."

"हाय की. मी कुठं नाय म्हणतो?"

"ही झाडं जगली तरच पुढे या डोंगरात पाणी मुरणार आहे. तुम्ही यांना आज पाजताय आणि यांच्या पोरांचं काढून घेताय."

काकांनी कॉक घट्ट बंद केला. "हे बरोबर बोललात," ते म्हणाले. "पृथ्वी तापतीय हे मला पुस्तकातून नको, मी नांदगावचा हाय. पण तिला गार करायला मी पाणी घेऊन चाललोय, आन् रस्त्यात बाई रिकामा हंडा घेऊन उभी. तिला काय सांगू, तू थांब, मोठं काम चालूय?"

"मी ऑफिसला कळवणार."

"कळवा. नुसतं 'पाणी चोरलं' लिहू नका फक्त. कोणी पिलं तेही लिहा."

मी कळवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः टँकरमध्ये बसायला लागले. हॉर्न बंद. वळणावर बायका उभ्या असायच्या, त्यांच्याकडे न बघता आम्ही पुढे जायचो. त्या दिवसांत काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावून नव्हे, त्यांना सुचतच नसावं. त्यांचं गप्प राहणं मला त्या रस्त्यातल्या खड्ड्यांपेक्षा जास्त लागत होतं.

चौथ्या दिवशी पाड्यातली यमुनाबाई हंडा घेऊन थेट टेकडी चढून वर आली. पन्नाशीची, काटक. दरीतल्या झिऱ्यावर वाटीने पाणी भरता भरता तिची अर्धी सकाळ जायची. मी एका रोपाला पाणी घालत होते. ती शेजारी उभी राहिली.

"बाई, याला किती पानी देतेस?"

"एका वेळी पाच लिटर."

"मंग मला पन खड्ड्यात उभी कर. दोन पानं कानाला लावते."

आणि खरंच पलीकडच्या एका मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात ती जाऊन उभी राहिली, हंडा डोक्यावर घेऊन. काका हसता हसता टायरला टेकले. मी हसले आणि मग मला हसवेना. "काका," मी म्हणाले, "कॉक उघडा."

त्या दिवसापासून एक फेरी पाड्याला आणि एक टेकडीला. सगळी झाडं जगणार नाहीत हे उघड होतं. कोणत्या ओळी सोडायच्या ते आम्ही दोघांनी चालत जाऊन ठरवलं. मी तोंड फिरवलं, पण काकांनी एकेक रोप बघितलं. मे अखेरीस मेलेली रोपं मोजायलाही तेच आले. "ही मी मारली," ते म्हणाले. "पाडा जगवला म्हणून ही मेली नाय असं नाय होत. दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. नाशिकला इंदिरानगरच्या ऑफिसात संस्थेच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. शांतपणे म्हणाले, "गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. झाडांचं, हवामानाचं काम करणारे आपण मोजके. आपणच लक्ष दुसरीकडे वळवलं तर हे काम कोण करणार?"

जवळपास हेच मी वळणावर काकांना ऐकवलं होतं.

काका म्हणाले, "बरोबर हाय साहेब. फक्त त्या पुष्कळ संस्थांपैकी एक बी त्या वळणावर मला दिसली नाय. दिसली असती तर मी हंडे तिच्याकडं पाठवले असते, आन् सरळ वर गेलो असतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग चहा मागवला. माझा करार वर्षाऐवजी सहा महिन्यांनीच वाढला, पण पुढच्या उन्हाळ्याच्या आराखड्यात पाड्याची फेरी वेगळी धरली गेली. त्यासाठी रोपं कमी करावी लागली. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. टेकडी तापतेच आहे, ती माझ्यासाठी थांबलेली नाही.

काकांनी त्याच जूनमध्ये गाडी सोडली आणि ते गावी गेले. आमची शेवटची भेट जुलैतली. वरच्या ओळी पुन्हा लावायच्या होत्या, तर हा माणूस कोणी न बोलावता नांदगावहून एस.टी. बदलत बदलत हजर. इस्त्रीचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाड्यातल्या बायकाही कुदळी घेऊन आल्या होत्या. काकांनी चार खड्डे खणले, पाचव्याला यमुनाबाईने त्यांच्या हातातून कुदळ काढून घेतली. "दादा, तू गाडीच चालव. हा खड्डा हाय का वाटी?"

काका दगडावर बसले. दम लागलेला, शर्ट चिखलाने भरलेला. मला म्हणाले, "मॅडम, कॉक उघडून पाणी वाटणं लय सोपं. बाया हसत्यात, आशीर्वाद देत्यात. तुमचं काम अवघड. हे एवढंसं रोपटं काही बोलत नाय, थँक्यू म्हणत नाय, आन् सावली द्यायला आपण मरायची वाट बघतं."

"मग सोडून देऊ?"

"सोडता कशाला? हात द्या आधी. गुडघे धरलेत माझे."

एका बाजूने मी हात दिला, दुसऱ्या बाजूने यमुनाबाईने. दोघींनी ओढलं तेव्हा कुठे काका उठले. हात पँटला पुसले आणि उरलेल्या ओळीकडे बघत म्हणाले, "चला. अजून किती राहिलीत?"