दशांश आणि त्यांची वहिनी

रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या हजेरी कारकुनाला सगळे दशांश म्हणत. अर्धा कप चहा मागितला, तर हा गृहस्थ कपात वाकून अर्ध्याची खात्री करून घ्यायचा. माणूस सरळ होता, पण लोखंडी पट्टीसारखा सरळ. पाठीत बसल्यावरच कळायचा. त्यांचं उभं वैर मात्र एकाच व्यक्तीशी होतं, सख्ख्या वहिनीशी. त्यांच्या लग्नात तिने चारचौघांत विचारलं होतं, "यातला नवरदेव कोणता आणि त्याचा बाप कोणता?" टक्कल तेव्हाही होतं.

वहिनी त्याच धुलाईखान्यात इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे. खिडकीजवळची, बसून कपडे तपासायची जागा रिकामी झाली. अट एकच, दहा वर्षांची नोकरी; आणि अर्ज शनिवारी बंद होणार होते. शनिवारीच वहिनीने पाचशे वीस आठवड्यांची हजेरीकार्डं दशांशांपुढे आपटली.

"वर्षाचे आठवडे बावन्न. दहा वर्षं भरली. मारा शिक्का, भावोजी."

"बावन्न सत्ते तीनशे चौसष्ट," दशांश कार्डांकडे बघत म्हणाले. "दर वर्षी एक दिवस सुटतो. दहा वर्षांचे दहा, लीप वर्षांचे दोन. बारा दिवस कमी पडतात, वहिनी."

"इतकी वर्षं वाफेत शिजले, तरी मी कच्चीच का?"

"मी नाही म्हणत. गुणाकार म्हणतो."

वहिनी तरातरा धुलाईखान्याच्या साहेबांना घेऊन आली. "साहेब, यांनाही दहा वर्षं चादरींच्या घड्या घातल्यावरच ही खुर्ची मिळाली. यांची कार्डं मोजा!"

साहेबांनी जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वी दशांश कारकून झाले, तेव्हा त्यांचीही कार्डं नेमकी पाचशे वीसच होती.

साहेबांना हसू आवरेना. "हिशेब दोघांना एकच. बावन्न धरलेत तर दोघांचीही दहा वर्षं भरली. नाहीतर दोघंही कच्चे, आणि तुमची नेमणूक रद्द. बोला, काय धरू?"

वहिनी तोवर खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा.

दशांशांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "कच्चे. दोघंही."

"अहो भावोजी, डोकं फिरलंय का? स्वतःची खुर्ची घालवताय!"

"ती माझी नव्हतीच," असं म्हणून त्यांनी स्वतःची नेमणूक रद्द केल्याचा कागद सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली कार्बनही घातला. वहिनीचा अर्ज फेटाळल्याचा शेरा त्याहून सुवाच्य.

सोमवारी ते पुन्हा घड्यांच्या टेबलावर उभे राहिले. रुग्णालयाच्या चादरीची घडी एकट्याने होत नाही आणि दशांशांसोबत काम करायला कुणीच तयार नव्हतं. साहेबांनी वहिनीला इस्त्रीवरून हलवून तिथे धाडलं. दोघांच्या हातात दोन-दोन टोकं. प्रत्येक घडीला दोघांची नाकं समोरासमोर येणार, आणि एकमेकांशी बोलायचं तर नाही. सुजल्या पायांनी वहिनी पुढे आली.

"बोटभर वाकडी आहे," दशांश म्हणाले.

वहिनीने अख्खी घडी उलगडली आणि चादर त्यांच्या तोंडावर फाडकन झटकली.