ऑपरेशनच्या दाराबाहेर

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि पाठोपाठ आईच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी अमरावतीहून सुट्टी टाकून आले. डॉक्टर म्हणाले होते, दुपारपर्यंत होईल. दुपार टळली तरी ऑपरेशन थिएटरचं दार उघडेना. मी बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. मावशीचे फोन येत होते. सांगायला काही नव्हतं म्हणून उचलवत नव्हते. बाबा मात्र भिंतीला पाठ टेकून ताठ बसले होते. त्यांचं ते बसणंच मला सहन होत नव्हतं.

समोर स्ट्रेचरवर तेल्हाऱ्याकडचे एक म्हातारे होते. लकव्यानं एक बाजू गेलेली. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. एकाएकी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. चादर ओली झाली होती. बाबा उठले आणि नर्सकडून कोरडी चादर मागून घेऊन आले.

"इकडं ये. पाय धर," ते मला म्हणाले.

"बाबा, आई आत हाय अन् तुमी हे काय करून राह्यले?"

"तुह्या आईसाठी या घडीले मले काहीच करता येत नाही. या काकाजीसाठी करता येते. धर."

मी धरले. म्हाताऱ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"लाजू नका काकाजी," बाबा त्यांना कुशीवर वळवत म्हणाले. "तिकडं बर्फात आमी एकमेकायचं सारंच करत होतो."

अंग पुसून झालं, चादर बदलली. बाबा बेसिनवर हात धुवायला गेले. साबण त्यांच्या हातातून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. तेव्हा मी त्यांचे हात नीट पाहिले.

"बाबा, तुमाले भेव वाटून राह्यलं?"

"सकाळपासून," ते म्हणाले.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. गाठ साधी निघाली होती. दोन दिवसांनी आईला मी बाबांच्या हातून निसटलेल्या साबणाचं सांगितलं, तर तिला हसू आलं, पण टाके दुखतात म्हणून हसताही येईना.

मी काही त्या दिवसापासून धीराची झाले नाही. घरात कुणी आजारी पडलं की अजूनही मी दारापर्यंत जाते, परत येते. पण दवाखान्यात आता शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पाणी हवं का, एवढं तरी मी विचारते. तेवढ्यापुरते हातपाय जागेवर येतात. जीव मात्र जागेवर येत नाही.